सोपा खेळ शोधताना

भाताची कापणी आटोपली की आमच्या इमारतीच्या मागे धपधप सुरू होते. वनिताताई आणि त्यांच्या दोन जावा पदर खोचून शेताच्या एका तुकड्यावर उतरतात. धसकटं उपटतात, ढेकळं फोडतात, पाणी मारतात आणि लाकडी चोपण्याने जमीन चोपत बसतात. पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं. मग वरून चाळलेली मऊ माती पसरतात आणि सुतळी ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारतात. झालं कबड्डीचं मैदान. पावसाळ्यात तिथेच पुन्हा चिखल होतो, भात लागतो, आणि कुणाला सांगितलं तर खरं वाटू नये की इथे पोरी एकमेकींचे घोटे धरून लोळत होत्या. यंदाही परवापासून धपधप सुरू झालीय. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तर आवाज ऐकून निम्मा चहा ओट्यावर सांडला.

आम्ही वसईतल्या उमेळ्यात राहायला आलो तेव्हा या बाजूला वाड्या जास्त होत्या आणि इमारती कमी. आता उलटं झालंय, आणि त्या उलट्यात आमचाही एक फ्लॅट आहे, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची? मी सावंतवाडीकडची, सुहास साताऱ्याचा. दोघांच्या गावांच्या मधोमध कुठेतरी घर घ्यायचं तर घाटातच घ्यावं लागलं असतं, म्हणून वसई. गॅलरीतून वनिताताईंचं शेत दिसतं, शेतापलीकडे केळी, केळींपलीकडे संध्याकाळी खाडीकडून येणारा खारा वारा. नाताळ जवळ आला की पलीकडच्या आळीत कागदी चांदण्यांचे दिवे लागतात. ही थंडी आमच्याकडे अगदी थोडी असते, स्वेटर काढेकाढेपर्यंत संपते. पण मला ती हल्ली फार लांबलचक वाटते.

रेवा, आमची मुलगी, सहावीत असताना त्या मैदानात उतरली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. गॅलरीतून बघता बघता एक दिवस खाली गेली आणि सांजवेळी गुडघे सोलून, केसांत माती घेऊन वर आली. मी ओरडले. ती म्हणाली, "आई, मी एकीला धरलं! ती पाचवीतली नव्हती, नववीतली होती!" त्या मैदानाचा एक नियम होता. चपला घालून कुणी आत जायचं नाही. काठाशी काढायच्या, वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि मग आत. घरात देवाला नमस्कार कर म्हटलं तर तोंड वाकडं करणारी माझी मुलगी तिथे रोज न सांगता वाकायची.

डावा कोपरा ही तिची जागा. चढाई करणारी पोरगी "कबड्डी, कबड्डी" करत आत शिरली की कोपऱ्यातली रेवा शेजारणीचा हात घट्ट धरून, पाय वाकवून, मांजरीसारखी टपून बसायची. वनिताताई काठावरून ओरडायच्या, "हात सोडू नको ग! हात सुटला की मेलात दोघी!" वनिताताई म्हणजे स्वतः जुन्या खेळाडू. सकाळी शेतातली भाजी आणि फुलं बाजारात, दुपारी गुरं आणि घर, संध्याकाळी ह्या पोरी. आवाज असा की इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या मुलाला वाटायचं आपल्यालाच रागावतायत. फुशारकी मारण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. आपण एकदा एका दमात चौघींना मारून आलो, ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी त्यात पाच जणी झाल्या होत्या.

मैदानाच्या काठाला एक नारळाचा ओंडका आडवा टाकलेला होता. आम्ही पालक त्यावर बसायचो. रेवा नववीत होती त्या थंडीत ओंडक्यावर एक वाद रंगला. सगळ्यात कठीण खेळ कोणता? कुणी सुरू केला ते आठवत नाही, पण संध्याकाळ झाली की काल अर्धवट राहिलेला मुद्दा घेऊनच मंडळी खाली उतरायची. सुहास सुट्टीच्या दिवशी यायचा आणि एकच शब्द बोलायचा, "कुस्ती." का, तर तिथे दमलास म्हणून बदली खेळाडू येत नाही. दुसऱ्या विंगमधले सामंत मुलाला पोहायला पाठवायचे. ते म्हणायचे, "पाण्यात घाम दिसत नाही हो, म्हणून तुम्हाला सोपं वाटतं." मी शाळेत खो-खो खेळलेली. मी म्हणायचे, पाठीमागे काय चाललंय ते वळून न बघता उकिडवं बसून राहायचं, आणि पाठीवर थाप पडली रे पडली की सुटायचं, हे करून दाखवा. एकाने क्रिकेट म्हटलं तर त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

वनिताताई मध्येच मैदान सोडून काठाशी यायच्या. "तुमच्या सगळ्या खेळांत पळायला श्वास लागतो ना? आमच्यात श्वास तोंडाने खर्च करायचा, आनि वर सात जनींच्या तावडीतून घरी यायचं. नुसतं पानी प्यायला थांबलात तरी डाव गेला. बोला आता, कठीन कोनता?" आणि उत्तराची वाट न बघता परत जाऊन एखादीच्या पायावर चापट मारायच्या. "वाक! गुडघ्यात वाक! लग्नाला उभी राहिल्यागत काय उभी राहतेस?"

काय मजा यायची त्या वादात. कुणाचं काही अडलेलं नसताना घातलेला वाद. कुणी घरून वालाच्या उकडलेल्या शेंगा आणायचं, कुणी मिठाची पुडी. शेंगा सोलता सोलता आम्ही जगातले सगळे खेळ सोलून काढले. अंधारू लागलं की पोरी धुळीने भरलेल्या तोंडांनी यायच्या आणि उरलेल्या शेंगांवर तुटून पडायच्या. रेवा माझ्या पदराला तोंड पुसायची. नववीतली मुलगी, माझ्याहून उंच झालेली, आणि भर मैदानात आईच्या पदराला तोंड पुसते. मी वरवर चिडायचे.

एक दिवस सामंत म्हणाले, "कठीण कोणता हे राहू द्या. सोपा कोणता ते बोलूया की."

सगळे हसले. ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. खेळात राज्यापर्यंत गेलं की दहावीला सवलतीचे गुण मिळतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कबड्डीत राज्यापर्यंत जायचं म्हणजे किती पोरी ओलांडायच्या? गल्लीत संघ, शाळेत संघ, खाडीच्या अलीकडे संघ, पलीकडे संघ. "कबड्डीत स्कोप नाही हो. ज्या खेळाला पोरंच कमी, तो घ्यायचा. गुण तेच, घाम तोच, पण रांग छोटी." त्यांनी मुलाचं पोहणं कधीच बंद केलं होतं. तो आता दुसरंच काहीतरी खेळायला जात होता, ज्याचं नाव आम्ही कुणी ऐकलं नव्हतं.

मग हळूहळू एकेक जण चौकशी करू लागला. कुठे शिकवतात? वेळ काय? निवड कधी असते? कालपर्यंत ज्या तोंडांनी आम्ही कुस्ती आणि खो-खोचे गोडवे गायले, त्याच तोंडांनी आता कुठल्या खेळात गर्दी कमी याचा हिशोब मांडू लागलो. वनिताताई पंधरा पावलांवर पोरींना पकड शिकवत होत्या. आमचे आवाज आपोआप खाली आले होते. आपण काय करतोय हे आवाजाला बरोबर कळतं.

मी आठवडाभर मनाशी घोकलं. दहावीचा निकाल म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरी वर्षसणच असतो. चांगलं कॉलेज, मग चांगली पुढची वाट. थोडे गुण इकडेतिकडे झाले की वाटच बदलते. शिवाय गुडघे फुटतात, मनगटं मुरगळतात, लिहायच्या हाताला काही झालं तर? सुहास आधी म्हणाला, "खेळू दे की तिला." मी म्हटलं, "तू फक्त सुट्टीच्या दिवशी बाप असतोस." हे वाक्य मी जिंकण्यासाठी वापरलं. ते खरं होतं की नाही याचा विचार मी तेव्हा केला नाही, आता करते.

रेवाला सांगितलं तेव्हा ती बूट पुसत होती. रिंग टेनिस म्हणून खेळ आहे, विरारला एका शाळेच्या हॉलमध्ये शिकवतात, रबरी कडं जाळीवरून फेकायचं आणि एका हाताने झेलायचं, तुला सहज जमेल. माझ्याजवळ पुढचे सगळे मुद्दे तयार होते. ती रडेल, पाय आपटेल, मग मी काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं.

ती म्हणाली, "कायमचं?"

"छे ग. दहावीपुरतं."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसरा बूट पुसायला घेतला. माझे सगळे मुद्दे तसेच राहिले. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आई म्हणून मुलीला ओळखण्यात मी पहिली चूक तिथे केली.

दुसरी लगेच केली. वनिताताईंना कोण सांगणार? मी म्हटलं, "तूच सांग जाऊन. तुझ्या ताई आहेत त्या." आणि मी गॅलरीत उभी राहून वाळत घातलेले कपडे उगीच पुन्हा झटकत राहिले. खाली रेवा काठापर्यंत गेली. रोज जिथे चपला काढायची तिथे थांबली. चपला काढल्या नाहीत. वनिताताई आत होत्या, ही बाहेर. पाच-दहा वाक्यं झाली असतील. मग वनिताताईंनी हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच वळून दुसऱ्या एका पोरीला मोठ्याने ओरडल्या, "ए, तू ये डाव्या कोपऱ्यात!" रेवा तिथून हलली नाही. नवीन मुलीने शेजारणीचा हात धरला, चढाई झाली, पकड झाली, टाळ्या झाल्या. मग रेवा वळली. वर आली तेव्हा तिने विचारलं, "आज भाजी काय आहे?"

मला वाटलं होतं, वनिताताई आता माझं तोंड बघणार नाहीत. पण बाजारात त्या नेहमीसारख्या हसल्या, मुळ्याची जुडी निवडून दिली. पैसे घेता घेता म्हणाल्या, "रेवाच्या आई, खेळ बदललात ते चांगलंच केलं असेल तुम्ही. शिकलेली मानसं. पन सांगायला तुम्ही यायचं होतंत. पोरीला कशाला धाडलं?" मी मुळा घेऊन घरी आले. त्या थंडीत मी त्यांच्या टोपल्यासमोरून जाणं टाळायला पलीकडच्या रस्त्याने फिरून जायला लागले. चोराच्या मनात चांदणं.

रिंग टेनिसला मी नावं ठेवणार नाही. तो खेळ सोपा आहे असं मी समजत होते, हा माझा अडाणीपणा. त्या हॉलमध्ये चांदीप गावची एक मुलगी यायची, दर्शना. अंगाने बारकी, पाचवीपासून खेळणारी. स्वतःचं रबरी कडं मनगटात बांगडीसारखं घालून यायची आणि बाकीच्यांचं चालू असताना भिंतीवर एकटीच फेकत-झेलत असायची. तिच्यासाठी तो खेळ म्हणजे रेवाचं मैदान होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

संक्रांतीनंतर निवड झाली. रेवा उंच, कबड्डीने पाय तयार झालेले, नजर घारीसारखी. शेवटची एक जागा उरली होती आणि ती दोघींमध्ये होती. ती रेवाला मिळाली. दर्शनाने येऊन रेवाचा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाली. रेवाने मान खाली घातली. दर्शनाचे वडील मोटरसायकल घेऊन बाहेर उभे होते. माझ्याकडे येऊन म्हणाले, "तुमची पोरगी चांगली खेलते, ताई. किती वर्षं झाली?"

"झाली की बरीच," मी म्हटलं.

रेवा माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षेत बसल्यावर पर्स मांडीवर घेऊन मी खूप बोलले. राज्य स्पर्धा कुठे आहे, कुठले कपडे लागतील, थंडी असेल का. ती "हो" म्हणत राहिली. राज्याला त्यांचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. जायचं होतं, जाऊन आलो. परत आल्यावर रेवाने ते रबरी कडं कधी हातात धरलं नाही.

दहावीच्या थंडीत मैदान पुन्हा तयार झालं. धपधप, फक्की, वनिताताईंचा आवाज, सगळं तसंच. रेवा संध्याकाळी टेबलाशी बसायची आणि खिडकी लावून घ्यायची. "आवाज येतो," म्हणायची. मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे की बाई, आमच्या मुलीला अभ्यासात डासाची गुणगुणसुद्धा चालत नाही. निकाल लागला, गुण मिळाले, हवं ते कॉलेज मिळालं. ऑफिसात पेढे वाटले. मोठे साहेब म्हणाले, नियोजन शिकावं तर तुमच्याकडून. आणि मी शिकवायला तयारही होते. इमारतीत माझ्या शब्दाला किंमत आली. आठवीनववीच्या मुलांच्या आया जिन्यात थांबवून विचारायच्या, मी सांगायचे. राखणीला ठेवलेल्या कुंपणाने शेत खाल्लं, आणि गावभर शेती कशी करावी यावर व्याख्यानं देत सुटलं.

तरी मला एक आशा होती. मी शब्द दिला होता, दहावीपुरतं. दहावी संपली. पाऊस संपेल, कापणी होईल, मैदान होईल आणि ही आपोआप खाली जाईल. गेला पावसाळाभर मी त्या भातावर डोळे लावून होते. हिरवं कधी होतं, पिवळं कधी होतं. शेत दुसऱ्याचं आणि कापणीची घाई मला. वनिताताईंना विचारलंसुद्धा, धीर करून, "यंदा कधी करताय मैदान?" त्या म्हणाल्या, "करू की. येते का रेवा? धाडून द्या तिला." मग स्वतःच हसून म्हणाल्या, "नको, तुम्ही घेऊन या."

काल रेषा मारून झाल्या. मी रेवाला म्हटलं, "चल, खाली जाऊ. मीपण येते." ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बघू." मी म्हटलं, "आता काय दहावी नाही, काही नाही." ती पुन्हा म्हणाली, "बघू," अगदी गोड आवाजात. तिने आदळआपट केली असती, तुझ्यामुळे झालं म्हणाली असती, तर मी तिचे पाय धरले असते. पण ती माझ्यावर रागावलेलीच नाही. परीक्षेला जाताना पाया पडते, माझं डोकं दुखलं तर बाम चोळते. अपराध्याला शिक्षाच कुणी देईना, तर त्याने जायचं कुठे? मला फार, फार वाईट वाटतं. हे मी सुहासला सांगितलं तर तो म्हणतो, "खेळच होता ना, एवढं काय?" तोही आता माझ्यासारखा बोलायला लागलाय.

आज संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शिल्पा आली. तिची अन्वी नववीत आहे, दोन वर्षं वनिताताईंकडे खेळते. मी चहा टाकला. खिडकीतून पोरींचा आरडाओरडा येत होता. शिल्पा म्हणाली, "वहिनी, आता तुम्हीच मार्ग सांगा. कुठल्या खेळात घालू हिला? सामंत भाऊंनी चारपाच सांगितलेत, पण माझा तुमच्यावर विश्वास आहे."

मी चहाचा गॅस बारीक केला. यंदा सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. शिल्पा, तिला खेळू दे, आहे तिथेच राहू दे, गुण काय, येतात-जातात. वाक्यं जुळवून तयार होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून रेवा बाहेर आली आणि शिल्पासमोर खुर्ची ओढून बसली.

"काकू, मी सांगते," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं. कुठल्या खेळाला मुली कमी असतात, कुठल्या हॉलमध्ये शिकवतात, निवडीला कोण येतं, कुठल्या तालुक्यातल्या मुली चांगल्या आहेत म्हणून तो खेळ टाळायचा. शांतपणे, एकेक मुद्दा. मध्ये तिने तळहातावर बोट टेकवलं, मी मुद्दा पटवताना टेकवते तसंच. माझी वाक्यं माझ्या तोंडातच राहिली.

शिल्पा म्हणाली, "सगळं पटतं ग. पण अन्वीला कबड्डी फारच आवडते. ती काय म्हणेल?"

"आवडते ना? मग लवकर बंद करा," रेवा म्हणाली. "उशीर केलात तर सोडायला कठीण जातं."

खाली वनिताताई कुणाला तरी ओरडत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा उतू गेला, गॅस शिल्पानेच उठून बंद केला. जाताना तिने रेवाच्या गालावरून हात फिरवला आणि दारात मला म्हणाली, "किती समंजस आहे हो तुमची मुलगी. नशीब काढलंत."

मी हो म्हटलं.